पाण्याची खतावणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मी काहीसा संकोचलो. ट्रस्टच्या स्थापनेपासूनचा वृत्तान्त या अंकात अन्यत्र आलाच आहे आणि तो लिहिण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे. मी कापडाचा व्यापारी, पदवी वाणिज्य शाखेची. दुकानाच्या गादीवर बसून चाळीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिली, एवढीच माझी लेखनसाधना. तेव्हा ज्या विषयात जमा, खर्च आणि शिल्लक या तीन गोष्टी येतात, त्याच विषयावर लिहावे असे ठरविले. तो विषय म्हणजे पाणी.

या निवडीस आणखी एक कारण आहे. आपल्या ट्रस्टची स्थापना झाली तो काळ १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत असल्याचा होता. त्याच दोन-चार वर्षांत पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील काही माणसांनी उजाड माळ, आटलेल्या विहिरी आणि ओस पडत चाललेली गावे पुन्हा उभी करण्याचे कार्य आरंभिले. म्हणजे आपला ट्रस्ट आणि ते कार्य ही एका वयाची भावंडे होत. एकाच्या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडीत असताना दुसऱ्याचाही मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुष्काळाचे वर्ष

१९७२ साली मी शाळकरी मुलगा होतो. शाळेत सुकडी मिळे आणि रेशनच्या दुकानातून लाल मिलो ज्वारी येई, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या काळी शेतकऱ्याची उधारी सुगी झाली की फिटे. त्या वर्षी सुगीच झाली नाही. लग्नसराई आली आणि गेली, परंतु आमच्या दुकानातील शालूंच्या घड्या मोडल्या गेल्या नाहीत. खडी फोडण्याच्या कामावरून परतणाऱ्या बाया संध्याकाळी दुकानावरून जात. त्यांच्या लुगड्यांना लावलेली ठिगळे मला मोजता येत. वडिलांनी त्या वर्षी खतावणीतील एकही नाव बुडीत खाती टाकले नाही. एकदा ते म्हणाले, "आपल्याला वाटते कापड आपण विकतो. खरे तर ते पाऊस विकतो." या वाक्याचा अर्थ उमगण्यास मला बराच काळ लागला.

त्या दुष्काळाची व्याप्ती पुढे वाचनात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि १९७९ पासून अमलात आला. मागेल त्यास काम देण्याची कायदेशीर हमी देणारा हा कायदा देशाला दिशा दाखविणारा ठरला. त्या कामांनी असंख्य माणसे जगविली, हे नि:संशय. परंतु बरीचशी माणसे खडी फोडीत राहिली, त्या खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले आणि दुष्काळाचे मूळ कारण होते तेथेच राहिले. ही उणीव ज्यांच्या डोळ्यांत सलली, त्यांचा हा इतिहास आहे.

खडकाची तिजोरी

त्या कार्याकडे वळण्यापूर्वी आपल्या भूमीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. या खडकाच्या पोटात पाणी साठण्यास जागा फार थोडी. वरचा झिजलेला मुरुमाचा थर आणि खडकातील भेगा, एवढीच काय ती तिजोरी. पाऊस वेगाने वाहून गेला तर या तिजोरीत काही पडत नाही आणि खोल बोअर घेऊन उपसा केला तर ती लवकर रिकामी होते.

आता जमेची बाजू पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. अवर्षणप्रवण भागात वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एक हजार हेक्टर क्षेत्राच्या गावावर ४०० कोटी लिटर पाणी पडते. यातील बराच भाग बाष्प होऊन उडतो, बराच वाहून जातो, हे खरे. तथापि ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाच्या खाती पावसाळ्यात एवढी रक्कम जमा झालेली असते, हे ध्यानी घ्यावे.

पूर्वजांना हा हिशेब अवगत होता. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती याची साक्ष देते. नदीवर बंधारा घालावयाचा, कालव्याने पाणी आणावयाचे आणि खालच्या शेतीचे फड पाडावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. कोणत्या फडास कोणते पीक, हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. आपल्या शेतासाठी कोणी स्वतः पाणी फोडून घेत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनीही १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगरउतारावर लहान लहान बंधारे घालून पाणी आणि सुपीक माती जागच्या जागी अडवावी, असे सुचविले होते. पुढील काळात मोठी धरणे झाली, त्यांचा लाभही झाला. परंतु धरणाच्या कालव्यापासून दूर असलेल्या माळावरच्या गावांसाठी फुल्यांनी सुचविलेला उपाय कागदावरच राहिला होता.

नायगावची देवस्थान जमीन

विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते. स्वतःचा कारखाना उत्तम चाललेला. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात हिंडले आणि खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले. पुरंदरमधील नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथे मुक्काम हलविला. धर्मादाय संस्थांशी संबंधित आपणा सर्वांना यात एक गोष्ट लक्षणीय वाटावी. या प्रयोगाला पहिली जागा मिळाली ती देवस्थानची.

त्या माळावर त्यांनी उताराला आडवे बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली आणि तिचे पाणी पुन्हा वर चढवून शेतीस दिले. उजाड माळ काही वर्षांत पिकू लागला. येथवरचे कार्य अभियंत्याचे होते. खरी परीक्षा यापुढेच होती. पाणी आले, आता ते कोणाचे?

साळुंखे यांनी 'पाणी पंचायत' या नावाने जे नियम घातले, ते माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतील महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत मोलाचे नियम होत. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येनुसार मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. ज्यास जमीन नाही त्या भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखे अति पाणी पिणारे पीक घेता येणार नाही. खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थ्यांनी आधी भरावयाचा. उरलेल्यापैकी ५० टक्के शासनाचे अनुदान आणि ३० टक्के संस्थेचे बिनव्याजी कर्ज. वाटपासाठी गटाने आपल्यातूनच पाटकरी नेमावयाचा.

हे नियम प्रथम वाचले तेव्हा मला प्रवचनात ऐकलेल्या भोगोपभोग परिमाण व्रताची आठवण झाली. श्रावकाने आपल्या उपभोगाची मर्यादा स्वतः ठरवून घ्यावी, असे आपले शास्त्र सांगते. साळुंखे यांनी कोणत्याही धर्माचे नाव न घेता एका तालुक्यातील शेतकऱ्यांकडून पाण्याचे परिमाण करवून घेतले. ज्याच्याकडे वीस एकर जमीन आहे त्याला अडीच एकरांवर थांबविणे सोपे नव्हते. अनेक मोठे शेतकरी दूर राहिले. जे आले, ते टिकले. २००२ साली साळुंखे यांचे निधन झाले, परंतु समन्यायी पाणीवाटप हा शब्द महाराष्ट्रात रुजला त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

राळेगण आणि हिवरे बाजार

१९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे पारनेर तालुक्यातील आपल्या राळेगणसिद्धी गावी परतले. गावात दारूच्या भट्ट्या होत्या, शेती पावसाच्या भरवशावर होती, बहुतेकांना पोटासाठी बाहेर जावे लागे. त्यांनी आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने आणि त्यात स्वतःची पुंजी घातली. मग लोकांचा विश्वास बसला. साळुंखे यांचे काम त्यांनी पाहिले होते. राळेगणात पूर्वी बांधलेला एक पाझर तलाव गळत होता. तो लोकांनी श्रमदानाने दुरुस्त केला आणि त्याच्या खालच्या सात विहिरींना प्रथमच उन्हाळ्यात पाणी राहिले. त्यानंतर नालाबांध, समतल चर, वृक्षलागवड ही कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत झाली. तेथेही उसासारखी पिके वर्ज्य ठरली. अण्णांच्या पुढील राजकीय आंदोलनांविषयी मतभेद असू शकतील. परंतु राळेगणच्या विहिरींविषयी मतभेदास जागा नाही.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचा वृत्तान्त मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तेथील पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. १९८९ साली गावकऱ्यांच्या आग्रहावरून ते सरपंच झाले. १९९५ च्या सुमारास या लहानशा गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरावर समतल चर खोदले गेले, झाडे वाढू दिली गेली, जनावरे मोकळी सोडण्याऐवजी चारा कापून आणण्याची पद्धत पडली. पाणी वाढले तसे दूध वाढले आणि मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे परत आली.

येथवर राळेगण आणि हिवरे बाजार यांचा मार्ग एकच आहे. हिवरे बाजारने त्यापुढे टाकलेले पाऊल म्हणजे पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक बसविले, निरीक्षणासाठी विहिरी निवडल्या. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, याची मोजणी व्हावयाची आणि ग्रामसभेत हिशेब मांडला जावयाचा. पहिला हक्क माणसांच्या आणि गुराढोरांच्या पिण्याच्या पाण्याचा. नंतर उरेल ते शेतीला. त्यातूनही काही शिल्लक जमिनीत राखावयाची. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी करावयाचे किंवा पीक बदलावयाचे. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी, ऊस आणि केळीस बंदी, बाहेरच्यास जमीन विकण्यास बंदी. पवारांना २०२० साली 'पद्मश्री' मिळाली. जमा पाहून खर्च करावा, हे आपण दुकानात रोज करतो. अख्ख्या गावाने एकमताने पाण्याच्या बाबतीत ते करणे ही असामान्य गोष्ट होय.

तज्ज्ञ कोणास म्हणावे

या क्षेत्रातील पंडित आपल्या राज्यात नव्हते असे नाही. चाळीसगावला जन्मलेले माधवराव चितळे हे केंद्र शासनाचे जलसंपदा सचिव झाले आणि १९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. राज्याच्या जल व सिंचन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मूळचे स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर येथे राहून भारत-जर्मनी सहकार्याने पाणलोट क्षेत्र विकासाचा मोठा कार्यक्रम उभा केला. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करणाऱ्या गावांतच काम करावयाचे, हा त्यांचाही कटाक्ष होता.

आपल्या समाजातील दोन नावांचा उल्लेख येथे केला नाही तर कृतघ्नता होईल. वाकोदचे भवरलालजी जैन हे वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर. १९६३ साली रॉकेलच्या व्यापाराने त्यांनी आरंभ केला आणि पुढे जळगाव येथून ठिबक सिंचन लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. त्यांना २००८ साली 'पद्मश्री' मिळाली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे नाव शांतिलालजी मुथ्था यांचे. त्यांनी १९८५ साली स्थापिलेल्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपातील मुलांचे शिक्षण अंगावर घेतले, हे आपण जाणतोच. तीच संघटना २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ उपसण्यास उतरली आणि २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शासनाच्या सहकार्याने हे काम जिल्हाभर केले गेले. तलावातील गाळ शेतात जातो आणि तलावात पाणी मावते. एका कामाने दोन खाती जमा होतात. या सर्व पुण्यकार्याची मनःपूर्वक अनुमोदना करावी तेवढी थोडी.

नावे पाहिली तर यात अभियंता आहे, निवृत्त सैनिक आहे, ख्रिस्ती धर्मगुरू आहे, दोन वाणिज्य पदवीधर आहेत. राजस्थानात अलवर भागात जोहड पुन्हा बांधून अरवरी नदी वाहती करणारे राजेंद्रसिंह हे तर शिक्षणाने आयुर्वेदाचे वैद्य. त्यांना २००१ साली मॅगसेसे आणि २०१५ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. ज्ञान यांच्यापैकी प्रत्येकाने मिळविले, काहींनी विद्यापीठात, काहींनी गावातील वृद्धांकडून. परंतु ज्यांचे काम टिकले त्यांच्यात एक गोष्ट समान आढळते. पाणी अडविण्याबरोबर त्यांनी पाण्याच्या वापरास मर्यादा घातली आणि ती लोकांकडून मान्य करवून घेतली.

चुकलेला हिशेब

याची दुसरी बाजूही इतिहासात नोंदली गेली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी गेले. ज्या मराठवाड्यात ही वेळ आली, त्याच मराठवाड्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे होते. आता खर्चाच्या बाजूचा एक आकडा सांगतो. एक हेक्टर उसास वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर एका माणसास वर्षाला सुमारे २० हजार लिटर लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस एक हजार माणसांचे वर्षभराचे पाणी पितो. हा गुणाकार कोणीही शाळकरी मुलगा करू शकेल.

उसाच्या शेतकऱ्यास दोष देण्याचा माझा अधिकार नाही. उसाला ठरलेला भाव मिळतो, कारखाना तो उचलून नेतो, ज्वारीला यातले काहीच नाही. आणि आम्ही व्यापारी तरी निराळे कोठे वागलो? आमच्या तालुक्यात ऊस आला त्या वर्षांत दुकानाची विक्री वाढली. बस्त्याला येणारी मंडळी साध्या साडीऐवजी पैठणी मागू लागली. मी दुकानाचा दुसरा मजला चढविला तो त्याच वर्षांत. त्या पैठण्यांची किंमत कोणत्या खात्यातून फेडली जात आहे, असा प्रश्न मी तेव्हा स्वतःस विचारला नाही. वडिलांचे पावसाविषयीचे वाक्य मात्र गादीवर बसून अनेकदा ग्राहकांना ऐकविले.

केवळ खोदकाम करून प्रश्न सुटत नाही, हेही अनुभवास आले. डिसेंबर २०१४ पासून राज्यात 'जलयुक्त शिवार अभियान' राबविले गेले. त्यावर नऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. अनेक गावांना त्याचा लाभ झाला. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल वाढविण्याचे उद्दिष्ट पुरतेपणी साधले नाही, असे निदर्शनास आणले. नाला खोल केला, पाणी साठले, आणि ते पाणी पाहून शेजारी नवे बोअर पडले, तर शिल्लक कोठून राहणार? ठिबकाचेही तसेच आहे. ठिबकाने वाचलेले पाणी जमिनीत राहिले तर ती बचत. त्याच पाण्यावर दुप्पट क्षेत्रात लागवड केली तर खर्च होता तेवढाच राहिला. जमा वाढविणे हे यंत्राने साधते, खर्चास आळा घालणे मनुष्यासच साधावे लागते.

आपल्या अंगणातील विहीर

आता थोडे घरचे. आपल्या धर्मशाळेच्या अंगणात एक दगडी विहीर होती, हे आजच्या तरुण पिढीस ठाऊकही नसेल. माझी आजी त्या विहिरीवर पाणी गाळून घेई. गाळण्यासाठी लागणारे जाड मांजरपाट आमच्या दुकानातून जाई आणि वडील त्याचे पैसे घेत नसत. पाणी गाळून झाले की आजी ते कापड उलटे धरून त्यावर हलकेच पाणी सोडी, म्हणजे त्यातील सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून आले तेथेच परत जावेत. पाणी स्वतःच जीव आहे, अप्काय आहे, म्हणून ते तुपासारखे वापरावे, असे ती सांगे. आम्ही मुले हसत असू.

नळ आला आणि विहीर नकोशी झाली. नव्वदच्या दशकात मंडप घालण्यास आणि वाहने उभी करण्यास जागा हवी म्हणून ती बुजवून वर फरशी घालण्याचा ठराव झाला. ठराव एकमताने संमत झाला. मी तेव्हा विश्वस्त मंडळातील वयाने सर्वांत लहान सभासद होतो आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. पुढे एक बोअर घेतले, ते आटले. मग दुसरे, पहिल्याहून खोल. २०१६ च्या उन्हाळ्यात तेही आटले आणि धर्मशाळेस टँकर मागवावे लागले. टँकरच्या बिलांवर सही करताना मला ती फरशी दिसत होती. यात कोणा एकाचा दोष नव्हता, परंतु निर्णय आपला होता आणि त्याची नोंद सुवर्णमहोत्सवी अंकात राहावी असे मला वाटते.

ज्या संस्थेचा हिशेब दरवर्षी तपासनिसाकडून तपासून घेतला जातो, देणगीच्या प्रत्येक रुपयाची पावती फाडली जाते, त्या संस्थेस आपण वर्षाला किती पाणी वापरतो हे सांगता येत नाही. धर्मशाळा आणि सभागृह यांचे छप्पर मिळून साधारण पाच हजार चौरस फूट धरावे. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर सुमारे २ लाख ३० हजार लिटर पाणी पडते. आज ते पन्हाळींतून गटारात जाते. म्हणून विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. छपराचे पाणी गाळणखड्ड्यातून बोअरकडे वळवावे. पाण्याच्या जोडणीवर मापक बसवावा. आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर पाण्याचे एक पान वाचले जावे : किती पडले, किती मुरविले, किती वापरले. बुजविलेली विहीर पुन्हा उघडता येईल काय, हे जाणकारांस विचारावे. उघडता आली तर त्या कामाच्या खर्चाचा पहिला भार उचलण्यास मी तयार आहे. सहीची तेवढी भरपाई माझ्याकडून झाली पाहिजे.

नायगावच्या देवस्थानने पन्नास वर्षांपूर्वी आपला पडीक माळ एका अनोळखी माणसाच्या हाती दिला आणि त्यातून महाराष्ट्रास पाणीवाटपाचा एक धडा मिळाला. आपल्याकडे माळ नाही, एक अंगण आहे. पुढील पन्नास वर्षांनी हीरक महोत्सवही मागे टाकून शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा जो कोणी हिशेब मांडील त्यास या खात्यावर काही शिल्लक सापडावी, एवढीच प्रार्थना.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.